एक गाडी, तीन नोंदी : मोबाइलवरचे फॉर्म एवढे का छळतात?

आमच्या सोसायटीत ७२ फ्लॅट आहेत. पार्किंगचे नवे स्टिकर द्यायचे म्हणून कमिटीने गाड्यांची यादी काढली, तर २८० गाड्या निघाल्या. खाली जाऊन मोजल्या, तर दीडशेच्या आसपास. उरलेल्या गाड्यांचा शोध माझ्या गळ्यात पडला, कारण मी बाणेरला एका छोट्या कंपनीत मोबाइल ॲपचे फॉर्म तयार करते आणि सेक्रेटरी काकांच्या मते ‘हे तुझंच खातं’.

यादी तीन ठिकाणांहून जमवली होती. गेटवरच्या ॲपमधून, मेंटेनन्स भरायच्या ॲपमधून आणि व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या एका ऑनलाइन फॉर्ममधून. पहिल्यात गाडीचा नंबर सलग लिहायचा. दुसऱ्यात राज्य, जिल्हा, अक्षरं आणि शेवटचे चार आकडे असे चार चौकोन. तिसऱ्यात नुसती मोकळी ओळ. त्यामुळे एकच स्कूटर एका यादीत ‘एमएच१२’ने सुरू होते, दुसरीत ‘एमएच-१२’ने, आणि तिसरीत ‘४५१७, करड्या रंगाची, आरसा फुटलेली’. वॉचमनला ती एक गाडी, कॉम्प्युटरला तीन.

हा घोळ ७२ फ्लॅटपुरता आहे तोवर हसण्यावारी नेता येतो. पण २०११ नंतर होणारी देशाची जनगणना पहिल्यांदाच डिजिटल आहे. प्रगणक मोबाइल ॲपवर माहिती भरणार, ज्यांना हवं ते लोक स्वतःच ऑनलाइन भरणार. घरांच्या यादीचा टप्पा २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळातला, माणसांच्या मोजणीचा मुख्य टप्पा फेब्रुवारी २०२७ चा. शेतकरी २०२१ पासून पिकांची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर करतायत. बँक, विमा, पेन्शन, शाळाप्रवेश, सगळीकडे आता खिडकीऐवजी मोबाइलचा पडदा आहे. पूर्वी खिडकीमागचा क्लार्क ‘अहो आजी, इथे आडनाव लिहा’ असं सांगायचा. पडदा सांगत नाही. म्हणून तो पडदा कसा आखलाय याला आता फार महत्त्व आलंय.

### मिसळणाचा डबा

फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक रकाना. रकान्याला चार गोष्टी असतात. त्याचं नाव, उत्तर लिहायची जागा, उत्तर कसं असावं याचा नियम आणि चुकलं तर मिळणारा निरोप. लोकांना छळतो तो प्रत्येक फॉर्म या चारांपैकी कुठेतरी फसलेला असतो.

आणि या चारही गोष्टींत ‘सुसंगती’ लागते, म्हणजे तीच गोष्ट दर वेळी त्याच पद्धतीने विचारणं. आपल्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा उघडला की मोहरी कुठल्या वाटीत आणि हळद कुठल्या वाटीत हे बघावं लागत नाही. तेल तापेपर्यंत हात आपोआप जातो. नणंदेकडे गेलं की तिथे जिरं मोहरीच्या जागी. डबा तसाच, वाट्याही सातच, पण हात अडखळतो आणि फोडणी करपते. तिची मांडणी चुकीची नसते, आपल्या हाताला लागलेली सवय तिथे उपयोगी पडत नाही, इतकंच.

ॲपमध्ये नेमकं हेच होतं, फक्त नणंदेचं घर आणि आपलं घर एकाच ॲपमध्ये असतात. पहिला पडदा एकाने आखलेला, पाचवा दुसऱ्याने, आणि मधले तीन कंपनी सोडून गेलेल्याने.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे, की सुसंगती म्हणजे सगळीकडे तोच निळा रंग आणि तीच गोल कडांची बटणं नव्हेत. ते डोळ्यांपुरतं झालं. पहिल्या पडद्यावर बोटांना जे शिकवलं, ते शेवटच्या पडद्यापर्यंत खरं राहिलं पाहिजे. रंग जुळवलेले पण वागणूक न जुळलेले फॉर्म मी डझनांनी पाहिलेत, त्यातले दोनतीन मीच केलेत.

### एकाच नंबरची पाच नावं

मराठी फॉर्ममध्ये ही भानगड जास्त होते, कारण आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला एक बोलायचा शब्द आणि एक शासकीय शब्द असतो. मोबाइल नंबर, भ्रमणध्वनी क्रमांक, संपर्क क्र., दूरध्वनी, नोंदणीकृत क्रमांक. एकाच ॲपमध्ये ही पाचही नावं असू शकतात, आणि भरणाऱ्याला वाटतं की पाच वेगळे नंबर मागतायत. मग घरातला जुना लँडलाइन नंबर आठवून ‘दूरध्वनी’त टाकला जातो आणि ओटीपीची वाट पाहत माणूस बसून राहतो.

बटणांचं तर विचारूच नका. माझ्या मावशीने एका ॲपवर अर्ज भरला, खाली ‘जतन करा’ दाबलं, हिरवी बरोबरची खूण आली. दोन महिने तिने वाट पाहिली. अर्ज गेलाच नव्हता. त्या ॲपमध्ये ‘जतन’ म्हणजे फोनमध्ये ठेवणं आणि ‘सादर’ म्हणजे पाठवणं, आणि ‘सादर’चं बटण आणखी खाली सरकवल्यावर दिसणार. आधीच्या दोन पडद्यांवर मात्र ‘जतन करा’ दाबलं की पुढचा पडदा यायचा. मावशीने जे शिकवलं गेलं तेच केलं.

आणखी एक नमुना मी जपून ठेवलाय. अर्ज मध्येच सोडायला गेलं की चौकट येते: ‘आपण रद्द करू इच्छिता?’ खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता यातलं कुठलं बटण अर्ज घालवतं आणि कुठलं वाचवतं? ‘अर्ज सोडून द्या’ आणि ‘अर्ज भरत राहा’ एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं.

### मराठीत आकडे लिहिले म्हणून बिघडलं कुठे?

फोनवर मराठी कीबोर्ड चालू असताना पिनकोड टाकला की पुष्कळदा ‘४११०३०’ असा देवनागरीत उमटतो. ॲप म्हणतं, ‘कृपया वैध पिनकोड टाका.’ सदाशिव पेठेत हयात घालवलेल्या माणसाला त्याचा पिनकोड अवैध आहे असं सांगण्याची हिंमत फक्त ॲपच करू जाणे.

यामागचं कारण साधं आहे. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना युनिकोड नावाच्या पद्धतीत एकेक क्रमांक दिलेला आहे. त्यात देवनागरी ‘४’ आणि इंग्रजी चार ही दोन वेगळी चिन्हं आहेत. फॉर्म करणाऱ्याने ‘फक्त इंग्रजी शून्य ते नऊ’ असा नियम लिहिला की देवनागरी आकडे बाहेर. गंमत म्हणजे काही प्रोग्रामिंग भाषांमध्ये ‘आकडा’ म्हटलं की देवनागरी आकडेही त्यात धरले जातात, काहींमध्ये नाही. त्यामुळे फोन ‘हो’ म्हणतो आणि पलीकडचा सर्व्हर ‘नाही’ म्हणतो, असंही घडतं. एका आकड्याच्या जागी दुसरा ठेवणं हे प्रोग्रामरचं पाच मिनिटांचं काम. ते त्याने एकदा केलं नाही म्हणून हजारो लोकांनी कीबोर्ड बदलायला शिकायचं, हा उलटा न्याय झाला.

पिनकोडचा विषय निघालाच आहे तर सांगते. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ होते, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाच्या छाननीचा जिल्हा. म्हणून ४११ म्हटलं की पुणे. म्हणजे पिनकोड आधी विचारला तर जिल्हा आणि राज्य ॲपला स्वतःच भरता येतं. तरीही बहुतेक फॉर्म आधी देश निवडायला लावतात, मग छत्तीसेक राज्यं-प्रदेशांच्या यादीतून महाराष्ट्र शोधायला, मग जिल्हा, मग तालुका, आणि सगळ्यात शेवटी पिनकोड. एखाद्याने आपली पूर्ण कुंडली सांगितल्यावर त्याला नाव विचारावं तसं.

अक्षरं मोजण्यातही असाच फास आहे. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरी दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक व्यंजन, हलन्त, मात्रा, काना वेगळा धरला जातो, म्हणून तिथे तो दहा चिन्हांचा होतो. इंग्रजी नावांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून ‘जास्तीत जास्त २० अक्षरं’ असा नियम ठेवला, तर ज्ञानेश्वरच्या वडिलांचं नाव अर्ध्यात तुटतं.

### नाव तीन पदरी, रकाने दोन

मराठी माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. ॲपमध्ये मात्र दोनच रकाने, पहिलं नाव आणि आडनाव. मधलं कुठे घालायचं? कुणी पहिल्यात घालतं, कुणी दुसऱ्यात, कुणी गाळून टाकतं. पासपोर्टच्या अर्जात दोन भाग, पॅनच्या अर्जात आडनाव, पहिलं, मधलं असे तीन, आधारवर सगळं नाव एकाच ओळीत. मग ‘तुमचं नाव आधारशी जुळत नाही’ असा निरोप आला की माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. ज्ञानेश्वर ‘डी-एन-वाय’ने लिहायचा की ‘जी-वाय’ने, यावर एका घरातही एकमत नसतं.

शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी असतं, म्हणून आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची जीभ ‘कुलकर्णी सुधीर वामन’ अशीच वळते. आणि पुण्यात कामासाठी आलेल्या, आडनाव न लावणाऱ्या तमिळ माणसाला तर ‘आडनाव अनिवार्य’ हा रकाना पुढे जाऊच देत नाही. तो एक टिंब टाकतो आणि आयुष्यभर त्याच्या नावापुढे टिंब राहतं.

मी इतक्या वर्षांत एवढंच शिकले की कागदावर जसं आहे तसं पूर्ण नाव एकाच रकान्यात मागावं आणि वर लिहावं, ‘आधारवर आहे तसं’. तुकडे खरोखरच लागणार असतील तेव्हाच तुकडे करावेत.

आता यात एक नवं वळण आलंय. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरला. निर्णय चांगलाच. पण ज्या कार्यालयाकडे नावाचा रकाना तीस फॉर्ममध्ये तीस वेळा वेगवेगळा आखलेला असेल, त्यांना तीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागणार, आणि त्यातल्या दोन जागा हमखास राहून जाणार. एकदाच आखून तीस जागी वापरला असेल, तर दुरुस्ती एकदाच.

### कॅलेंडर मागे मागे ढकलताना

आमच्या शेजारच्या आबांचं जन्मवर्ष १९५२. जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं की कॅलेंडर उघडतं ते आजच्या महिन्यावर. २०२६ पासून एकेक महिना मागे जायचं, तर ७४ गुणिले १२ म्हणजे ८८८ वेळा बाण दाबायचा. वर लिहिलेल्या वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, हे माहीत असणाऱ्यांना माहीत असतं. आबांना नव्हतं. ते सहनशील आहेत, १९९०च्या आसपास पोहोचले होते.

कॅलेंडर पुढच्या आठवड्यातलं रेल्वेचं तिकीट काढायला उत्तम. जन्मतारीख माणसाला पाठ असते, ती निवडायची नसते, लिहायची असते. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन नियमांत अशा पाठ असलेल्या तारखांसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने सुचवले आहेत, आणि मला तेच पटतं. रकान्याशेजारी ‘उदा. १४ ८ १९५२’ एवढं लिहिलं की ‘आधी महिना की आधी दिवस’ हाही वाद मिटतो.

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट. गावाकडच्या शाळांत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. तारीख ठाऊक नसेल तर नुसतं वर्ष किंवा अंदाजे वय चालेल, अशी सोय फॉर्मने ठेवली नाही, तर आपण सगळे मिळून नवे १ जून तयार करणार.

### ताळा जुळतो का?

गुणाकार केल्यावर आजोबा नऊचा ताळा करून बघायचे ते आठवतं? उत्तर बरोबर आहे याची ती पूर्ण खात्री नसते, पण चूक असेल तर बहुधा लगेच कळतं. फॉर्मनेही हेच करायचं असतं, आणि आपल्या नेहमीच्या नंबरांत त्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे.

आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. तो काढायची रीत याकोबस व्हर्होफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. नऊच्या ताळ्यात एक मोठं भोक आहे. १२ ऐवजी २१ लिहिलं तरी अंकांची बेरीज तीच, म्हणून चूक पकडली जात नाही. आणि घाईत टाइप करताना शेजारशेजारचे आकडे उलटे पडणं हीच तर आपली नेहमीची चूक. व्हर्होफची रीत एक आकडा चुकला तरी पकडते आणि शेजारचे दोन अदलाबदल झाले तरी पकडते. विशेष म्हणजे हे फोनवरच तपासता येतं, इंटरनेट लागत नाही. मुळशीच्या आतल्या एखाद्या वाडीवर रेंज नसतानाही कळू शकतं की आकडा कुठेतरी चुकलाय. तो आधार नंबर तुमचाच आहे का हे मात्र ताळ्याला कळत नाही. त्यासाठी पडताळणी वेगळी.

बँकेच्या आयएफएससी कोडची अकरा चिन्हं असतात, पहिली चार बँकेची अक्षरं, पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप करतात, कारण चेकबुकावर दोन्ही सारखेच दिसतात. पाचव्या जागी ‘ओ’ आला तर तो शून्यच असणार. मग ‘अवैध कोड’ म्हणून ओरडण्यापेक्षा गुपचूप शून्य करून टाकायला काय हरकत आहे? पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर हा क्रम ठरलेलाच आहे, म्हणजे कुठल्या जागी अक्षरांचा कीबोर्ड उघडायचा आणि कुठल्या जागी आकड्यांचा हे ॲपला आधीच ठाऊक असतं.

### चूक सांगायची तऱ्हा

पुणेरी पाट्यांची सगळे टिंगल करतात, पण मला त्या निरोप म्हणून आदर्श वाटतात. काय करू नये, का करू नये आणि केल्यास काय होईल, सगळं दोन ओळीत. ‘त्रुटी आढळली’ अशी पाटी पुण्यात कुणी लावणार नाही.

ॲपचा निरोपही तसाच हवा. ‘अवैध माहिती’ नको. ‘मोबाइल नंबरात १० आकडे हवेत, तुम्ही ९ लिहिलेत’ हवं. तो त्या रकान्याच्या खालीच दिसावा, पडद्याच्या माथ्यावर लाल पट्टीत नव्हे. फक्त लाल रंगावर भिस्त नको, काहींना लाल-हिरवा फरक दिसत नाही. आणि वेळही महत्त्वाची. पहिला आकडा टाइप केला न केला तोच ‘नंबर अपुरा आहे’ म्हणणारं ॲप म्हणजे घास तोंडात असताना ‘झालं का जेवण?’ विचारणारा वाढपी. रकाना भरून माणूस पुढे गेला की मग सांगावं.

सगळ्यात चीड येते ती फॉर्म कोरा होतो तेव्हा. ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये जातो, परत येतो तर सगळं पुसलेलं. स्वस्त फोनमध्ये मेमरी कमी असते. आपण दुसऱ्या ॲपमध्ये गेलो की फोन आधीचं ॲप बंद करून जागा मोकळी करतो. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली आणि पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरलो तर परत येईपर्यंत तिथे दुसरा बसलेला असणारच. म्हणून आपण रुमाल टाकून उतरतो. ॲपनेही प्रत्येक रकान्यानंतर लिहिलेलं फोनमध्ये ठेवून द्यावं, एवढाच तो रुमाल. तंत्र जुनंच आहे, नवीन काही शोधायचं नाही.

बोटाला पुरेल एवढं बटण हवं, हे सांगायची वेळ येऊ नये. अँड्रॉइडच्या नियमानुसार दाबायची जागा साधारण नऊ मिलिमीटर, काबुली चण्याएवढी. आणि रकान्याचं नाव रकान्याच्या वर लिहावं. आत फिकट अक्षरांत लिहिलं की टाइप करायला लागताच ते गायब होतं. डावीकडे लिहिलं तर ‘कुटुंबप्रमुखाचे संपूर्ण नाव’ अरुंद पडद्यावर तीन ओळींत मोडतं. इंग्रजीच्या मापाने ओळींची उंची ठेवली तर आपले रफार आणि उकार छाटले जातात, ते वेगळंच.

### हे सगळं जमवायचं कसं? सोऱ्या घ्या

दिवाळीत शेव, चकली, गाठी वेगवेगळ्या दिसतात, पण सोऱ्या एकच असतो, ताटली बदलायची. फॉर्मचंही तसंच करतात. प्रत्येक पडदा हाताने वळायचा नाही. आधी एक वही करायची, त्यात प्रत्येक रकान्याची एक ओळ. नाव काय, कुठला कीबोर्ड, नियम कोणता, चुकल्यावरचं वाक्य कोणतं. ‘मोबाइल नंबर’ची ओळ एकदाच लिहायची. जिथे जिथे मोबाइल नंबर लागेल तिथे तिथे तीच ओळ वापरायची. कंपन्यांत याला ‘डिझाइन सिस्टीम’ वगैरे भारी नावं आहेत.

हे फक्त मोठ्या कंपन्यांनाच परवडतं असंही नाही. सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांना ओडीके, म्हणजे फोनवर माहिती गोळा करायचं ‘ओपन डेटा किट’, ठाऊक असेल. ही मोफत साधनं २००८ पासून वॉशिंग्टन विद्यापीठात घडली. तिथे फॉर्म चक्क एक्सेलसारख्या तक्त्यात लिहितात. तक्त्याच्या एका उभ्या रकान्यात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात नाव, मग मराठी मजकूर, हिंदी मजकूर, नियम, आणि नियम मोडल्यास दाखवायचं वाक्य. पर्यायांची यादी वेगळ्या पानावर एकदाच. ‘हो / नाही’ एकदा लिहिलं की चाळीस प्रश्नांना तेच लागतं. नाहीतर एका प्रश्नात ‘हो’ वर आणि दुसऱ्यात ‘नाही’ वर, आणि संध्याकाळी दमलेला सर्वेक्षक पहिल्या पर्यायावर बोट ठेवत सुटलेला.

### पण नियम सैल ठेवले तर कचराच येईल ना?

हा प्रश्न मला प्रत्येक मीटिंगमध्ये विचारला जातो, बहुधा हिशेबखात्यातून. माझा अनुभव उलटा आहे. ईमेल अनिवार्य केला की ज्यांच्याकडे ईमेल नाही ते थांबत नाहीत. सेवा केंद्रातला मुलगा स्वतःचा ईमेल टाकून देतो. मग एकाच ईमेलवर शेकडो अर्जदार आणि त्यांचे निरोप त्या मुलाकडे. मोबाइलच्या जागी दहा वेळा नऊ, पत्त्याच्या जागी ‘लागू नाही’. कडक नियमाने रकाना भरतो खरा, पण खोट्याने भरतो. रिकामा रकाना निदान प्रामाणिक असतो.

इंटरनेटच्या पायाभरणीत काम केलेल्या जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये यंत्रांच्या आपसातल्या संवादासाठी एक धोरण मांडलं होतं, की आपण पाठवताना काटेकोर राहावं आणि दुसऱ्याकडून घेताना उदार. फॉर्मला ते चपखल बसतं. गाडीचा नंबर जागा सोडून लिहा, रेघ टाकून लिहा, लहान लिपीत लिहा, घ्यावा. साठवताना मात्र एकाच रूपात साठवावा. काटेकोरपणा हवाच, पण तो यंत्राने करावा.

अनिवार्य रकाने कमी करण्याला कायद्याचंही बळ मिळतंय, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा म्हणतो की संमती ही ठरावीक कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाईल. पार्किंगच्या स्टिकरसाठी आमच्या फॉर्ममध्ये रक्तगट विचारला होता. कुणी घातला, का घातला, आजवर कळलेलं नाही.

### सगळे फॉर्म एकसारखे झाले तर कंटाळा नाही का येणार?

येऊ दे की. रेशनच्या रांगेत कुणी मनोरंजनाला जात नाही. पण या शंकेत एक खरा मुद्दा लपलाय. तीच माहिती भरणारे सगळे सारखे नसतात. आयुष्यात एकदा अर्ज भरणाऱ्या आजींना एका पडद्यावर एकच प्रश्न बरा. दिवसभर घरोघरी फिरून तोच फॉर्म पुन्हा पुन्हा भरणाऱ्या ताईंना तसं केलं तर त्या ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबूनच दमतील. त्यांना दहा रकाने एकाखाली एक, दाटीवाटीने हवेत. दोघींसाठी मांडणी वेगळी ठेवावी. रकान्यांची नावं, नियम आणि चुकीची वाक्यं तीच ठेवावीत, म्हणजे आजी अडल्या तर ताई त्यांना फोनवरूनही सांगू शकतात.

आणि एका ठिकाणी सुसंगती मुद्दाम मोडावी, असं माझं मत आहे. जे केल्यावर परत फिरवता येत नाही, खातं बंद करणं, अर्ज मागे घेणं, ते बटण नेहमीच्या जागी, नेहमीच्या रंगात ठेवूच नये. सवयीने गेलेलं बोट तिथे अडखळायला हवं. मिसळणाच्या डब्यात कुणी उंदराचं औषध ठेवत नाही.

सोसायटीचा फॉर्म मी एका रविवारी नव्याने केला. पाच रकाने. गाडीचा नंबर कसाही लिहा, देवनागरीत लिहा, चालतो. आत तो एकाच रूपात बसतो. तिन्ही याद्या त्यातून गाळल्यावर १५४ गाड्या उरल्या, त्यातल्या तीन दुसऱ्या गावी नेलेल्या निघाल्या. ‘फ्लॅट क्रमांक’ लिहिल्यावर मालकाचं नाव आपोआप येतं, त्यामुळे आबांनी पूर्ण फॉर्म दोन मिनिटांत भरला आणि मला फोन करून ‘एवढंच होतं?’ असं जरा संशयानेच विचारलं.

फक्त ‘पार्किंग क्रमांक’ या रकान्यात बी-३०२ आणि बी-४०४ या दोघांनीही ‘१७’ लिहिलंय. फॉर्मने दोघांचंही उत्तर विनातक्रार घेतलं. कमिटीची मीटिंग रविवारी आहे.